वरण वाढणारा उमेदवार

पळसुलेकाका टीव्हीवर निवडणुका बघायचे त्या आवाज बंद करून. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार समोरासमोर उभे राहून हातवारे करत असायचे आणि काकांच्या बैठकीच्या खोलीत फक्त गॅस हीटरची घरघर. पहिल्यांदा मी आणि माझा नवरा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला वाटलं, टीव्ही बिघडलाय. मी आगाऊपणा करून रिमोट उचलला, तर म्हणाले, "राहू दे. आवाज लावला की मुद्दे ऐकू येतात, आणि मुद्दे ऐकले की अंदाज चुकतो." मग खुर्चीत पुढे सरकून त्यांनी बोटाने दाखवलं. "हा बघ. समोरचा बोलतोय तर हा कागद लावत बसलाय. आणि तो बघ, ऐकताना मान जरा कलती करतो. लोकांना वाटणार, हा आपलंच गाऱ्हाणं ऐकतोय. हा येणार." तो आला की नाही ते मला आता आठवत नाही. अंदाज बरोबर ठरला की काका गप्प बसायचे आणि चुकला की म्हणायचे, "उमेदवार बरोबर होता, मतदार चुकले."

ते घर आता विकायला काढलंय. बाहेर एस्टेट एजंटची पाटी लागली आहे आणि ट्रॅमच्या स्टॉपवर जाताना मला रोज ती बघावी लागते. खिडकीतून आत डोकावायचं नाही असं मी रोज ठरवते आणि रोज डोकावते. टीव्ही नेलाय. ज्या भिंतीला तो लावलेला होता तिथला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा ताजा दिसतो.

अमेरिका हा काकांचा फावल्या वेळचा उद्योग होता. त्यांचा खरा मतदारसंघ म्हणजे आमचं मंडळ. मँचेस्टरच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत विखुरलेली शे-सव्वाशे मराठी घरं, त्यांचं हे मंडळ. आधी आले ते काकांच्या पिढीचे डॉक्टर, हॉस्पिटलं चालवायला. मग आमच्यासारखे आले, कुणी आयटीत, कुणी माझ्यासारखे हॉस्पिटलच्या फार्मसीत. आणि मग आली ती इथेच जन्मलेली मुलं, जी हल्ली आम्हालाच मंडळ कसं चालवायचं ते शिकवतात. मंडळाला स्वतःची वास्तू नाही. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो, ज्याला कायम फरशीच्या पॉलिशचा आणि मुलांच्या बुटांचा वास येतो. अध्यक्षाला अधिकार म्हणाल तर काही नाही. हॉलच्या किल्लीसाठी शाळेच्या केअरटेकरची मनधरणी करायची, गणपतीत आरतीचं तबक आधी हातात घ्यायचं आणि फोटोत मधे उभं राहायचं. पण त्या मधे उभं राहण्यासाठी भल्याभल्या सर्जन लोकांची झोप उडालेली मी पाहिली आहे. माणसाला परदेशात कुणीतरी मधे उभं करावं असं फार वाटतं, हे मला इथे राहूनच कळलं.

हा मधे उभा राहणारा माणूस कोण, ते वर्षानुवर्षं पळसुलेकाका ठरवायचे. ठरवायचे म्हणजे कुणाला आदेश द्यायचे नाहीत. दिसायलाही ते आदेश देणाऱ्यातले नव्हते. बुटके, थोडे वाकलेले, तपकिरी रंगाचं बिनबाह्यांचं स्वेटर, खिशात पुदिन्याच्या गोळ्या. आवाज इतका हळू की आपणच पुढे वाकावं. पिकनिकला, दिवाळीच्या कार्यक्रमाला ते एका कोपऱ्यात बसून माणसं बघायचे आणि घरी जाताना कुमुदकाकूंना सांगायचे, "त्या अमक्याला बाहेर काढला पाहिजे. तीन वर्षांत तयार होईल." जणू लोणचं घातलंय.

दंतवैद्य कारखानीसांची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. कारखानीस म्हणजे इतका मुखदुर्बळ माणूस की त्यांचे पेशंट आ करून बसलेले असतात हेच त्यांच्या पथ्यावर पडत असावं. काकांनी त्यांना हेरलं. आधी त्यांचा सोनेरी बटणांचा ब्लेझर बंद केला. मग सांगितलं, "गणपतीच्या पंगतीत तुम्ही वरण वाढायचं." कारखानीसांना वाटलं, आपल्याला जिलबी मिळेल वाढायला. काका म्हणाले, "जिलबी वाढणाऱ्याकडे कुणी बघत नाही, जिलबीकडे बघतात. वरण वाढणाऱ्याला प्रत्येकाच्या पानावर वाकावं लागतं, भाताला खळगा आहे का बघावं लागतं, बास म्हणेपर्यंत थांबावं लागतं. तेवढा वेळ तो माणूस तुमचा असतो." कारखानीस दोन-तीन वर्षं मुकाट्याने वरण वाढत राहिले. मग एका वार्षिक सभेत कुणीतरी सहज त्यांचं नाव घेतलं आणि हॉलमधल्या सगळ्यांना एकदम वाटलं, अरे, हा तर आपलाच माणूस. का वाटलं ते कुणालाच सांगता आलं नसतं.

काकांची अशी बरीच मतं होती आणि ती ते औषधाच्या डोससारखी थोडी थोडी द्यायचे. "हुशार माणसाला लोक मान देतात, मत देत नाहीत." किंवा, "उमेदवाराला एखादी गोष्ट यायला नको. गाणं नको, नाही तर गाडी पार्क करणं नको. लोकांना त्याची थोडी काळजी वाटली पाहिजे." माझा नवरा एकदा चेष्टेने म्हणाला, "काका, मग मी फिट आहे. मला काहीच येत नाही." काका गंभीरपणे म्हणाले, "तुला येत नाही हे तुला माहीत आहे ना, तिथे घोटाळा होतो."

पण सगळ्यात महत्त्वाचा नियम वेगळाच होता, आणि तो काकांनी केलेला नव्हता. तो आम्ही सगळे घरून घेऊन आलो होतो. सभेत नाव पुकारलं की उमेदवाराने लगेच हो म्हणायचं नाही. "छे हो, मला कुठला वेळ," असं म्हणून खाली बसायचं. मग कुणीतरी वडीलधाऱ्याने म्हणायचं, "अहो, तुम्ही नाही तर कोण?" त्यावर उमेदवाराने घरच्या अडचणी सांगायच्या. मग तिसऱ्यांदा चारी बाजूंनी आग्रह व्हायचा, बायको मागच्या रांगेतून "घ्या आता, एवढं म्हणतायत तर" असं पुटपुटायची, आणि मग माणसाने हात जोडून उभं राहायचं. "तुमची सगळ्यांची इच्छाच असेल तर." टाळ्या. जेवताना आपण पानावर हात आडवा धरतो आणि वाढणारा तरी वाढतो, तसंच हे. त्यात खोटं काही नव्हतं. एकदा पुण्याहून नुकता आलेला एक प्रोजेक्ट मॅनेजर लॅपटॉप घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला अध्यक्ष व्हायचंय, हे माझं व्हिजन. बिचाऱ्याला त्याच्या घरच्यांखेरीज कुणी मत दिलं नाही. काका म्हणाले, "पोरगा चांगला होता. भूक दिसली."

इतक्या लोकांना अध्यक्ष करणारा हा माणूस स्वतः कधी अध्यक्ष झाला नाही. कुमुदकाकू त्यावरून त्यांना छळायच्या. पोहे परतता परतता म्हणायच्या, "सगळ्या गावाला नवरदेव केलंत. तुम्ही आपले जन्माचे वऱ्हाडी." काका हसायचे. मीही हसायचे. आपण किती गोष्टींना हसून पुढे जातो.

ते हसणं किती वरवरचं होतं ते मला एकदा ट्रॅममध्ये कळलं. काका तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही दोघं शहरात चाललो होतो. समोर एक मुलगी फोनवर आपल्या मैत्रिणीला सांगत होती की तिने इंटरव्ह्यूमध्ये स्वतःचं कसं जोरदार कौतुक केलं. काका ऐकत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला तीनदा बोलावलं होतं कन्सल्टंटच्या जागेसाठी. तिन्ही वेळा एकच प्रश्न. व्हाय शुड वी अपॉइंट यू? मी म्हटलं, ऑल द कँडिडेट्स आर व्हेरी गुड, आय लीव्ह इट टू द पॅनेल. पॅनेलने ऐकलं माझं." मी म्हटलं, "काका, पण पहिल्यांदा झाल्यावर तरी..." तर म्हणाले, "कळलं होतं गं. इथे मागावं लागतं, हे कळलं होतं. पण तोंडातून निघेना. आपल्या तोंडाने आपणच चांगले आहोत असं कसं सांगायचं? ते दुसऱ्याने सांगायचं असतं." म्हातारी माणसं असायची त्या वॉर्डात, जिथे गोरे डॉक्टर जायला फारसे उत्सुक नसत, तिथे त्यांनी सगळी नोकरी काढली. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं कन्सल्टंट होऊन त्यांचीच साहेब झाली. हे सगळं त्यांनी एखाद्या पेशंटची हकिकत सांगावी तसं सांगितलं. आमचा स्टॉप आला तेव्हा उठता उठता म्हणाले, "आपल्या माणसांत बरं असतं. आपल्यात मागावं लागत नाही. आपल्यात विचारतात."

कुमुदकाकू गेल्या आणि काका एकदम बारीक झाले. हृदय थकलं होतं, पायांवर सूज यायची, जिना चढताना मधे थांबावं लागायचं. मुलगा ऑस्ट्रेलियात. तो रविवारी स्क्रीनवर यायचा. मंडळही तोवर बदललं होतं. काकांच्या वयाचे काही वारले, काही मुलांकडे राहायला गेले. कारखानीस लंडनला एजवेअरला, लेकीकडे गेले. पंगत बंद होऊन बफे आला, कारण शाळेने हॉलमध्ये जमिनीवर बसायला मनाई केली. बफेत वरण ज्याचं त्याने घ्यायचं असतं. काका तरीही डाव घेऊन त्या टेबलामागे उभे राहायचे. तरुण मुलं "नो, नो, काका, आय'म फाइन" म्हणून स्वतः वाढून घ्यायची.

मग एका दुपारी मी त्यांच्याकडे वालाची उसळ घेऊन गेले होते. टीव्हीवर अमेरिकेतली कुठलीशी प्रचारसभा, अर्थात मुकी. काका नेहमीसारखी टिप्पणी करत नव्हते. मग म्हणाले, "माधवी, एकदा ते व्हावं असं वाटतं."

मला आधी कळलंच नाही. "काय व्हावं?"

"अध्यक्ष." आणि लगेच, चोरी पकडल्यासारखे, "काम काय, कुणीही करेल. माझ्याच्याने होणारही नाही फारसं. तसं नाही. एकदा आपल्या माणसांनी म्हणावं, तुम्हीच हवे. एवढंच. कुमुद असती तर हसली असती."

मी म्हटलं, "काका, ह्यात काय अवघड आहे? मी नाव सुचवते. कारखानीसांना फोन करते, ते येतील सभेला. अजून चारपाच जणांना सांगून ठेवते, ते आग्रह करतील."

काकांनी टीव्ही बंद केला. ते मी पहिल्यांदाच पाहिलं. "एकालाही सांगायचं नाही. इतकी वर्षं इतरांसाठी मी सगळी जुळवाजुळव केली. मला माहीत आहे ती कशी होते. माझं झालं तर आपोआप झालं पाहिजे. तू नाव घे, वाटलं तर. त्यापुढे काही नाही. शब्द दे." मी शब्द दिला. आणि पाळला. माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं, पण काकांना त्यांच्याच पद्धतीने ते हवं होतं.

सभा ऑक्टोबरात झाली. बाहेर दिवसभर रिपरिप, हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास. काका स्वेटरऐवजी कोट घालून आले होते. कुमुदकाकूंनी निवडलेला निळा टाय होता. त्या दिवशी ते कोपऱ्यात बसले नाहीत, दुसऱ्या रांगेत बसले, माझ्या शेजारी. मावळती अध्यक्ष होती ईशा. इथेच जन्मलेली, शाळेत डेप्युटी हेड, कामाला वाघीण आणि मनाने सोन्यासारखी. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात तिचा दोष शोधायला गेलं तर सापडत नाही.

ईशाने विचारलं, "नेक्स्ट इयरसाठी प्रेसिडेंट. एनी नॉमिनेशन्स?"

मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "मी डॉक्टर अनंत पळसुल्यांचं नाव सुचवते." हॉलभर एक आनंदाची कुजबुज पसरली. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे वा, काका." ईशाचा चेहरा उजळला. "ओह, दॅट वुड बी लव्हली. काका, तुम्ही करणार?"

काका हळूहळू उठले. समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हणाले, "छे, छे. मी कुठला आता. माझं वय झालं. नव्या लोकांना द्या." आणि बसले. बसताना त्यांनी कोटाचं बटण लावलं. परत उठायच्या वेळी कोट नीट दिसावा म्हणून.

ईशाने दोन्ही हात छातीशी धरले. "थँक यू, काका. थँक यू फॉर बीइंग सो ऑनेस्ट. आपण काकांचा डिसिजन रिस्पेक्ट करूया. त्यांनी मंडळासाठी एवढा केलंय, आता त्यांचा रेस्ट करायचा टाइम आहे. कॅन वी गिव्ह काका अ बिग हँड?"

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, उभं राहून. मी त्या टाळ्यांमधून ओरडून म्हणत होते, "अहो काका, तुम्ही नाही तर कोण? ईशा, थांब, त्यांना परत विचार." ईशा जवळ आली, माझ्या दंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "माधवीमावशी, प्लीज. ही सेड नो. एल्डर्ली माणसाला सगळ्यांसमोर प्रेशर देणं बरोबर नाही." मी आजूबाजूला बघितलं. आमच्या वयाची जी चार माणसं होती तीही टाळ्या वाजवत होती. त्यांना खरंच वाटलं होतं की काकांना नको आहे. त्यांनाही आता इथे राहून खूप वर्षं झाली होती.

टाळ्या थांबल्या. काकांनी बसूनच हात जोडले. मग मागच्या रांगेतल्या रोहन नावाच्या तरुण अकाउंटंटने हात वर केला. "इफ नोबडी माइंड्स, आय'ड लव्ह टू डू इट." दोन मिनिटांत तो अध्यक्ष झाला. जेवताना काका उठून वरणाच्या टेबलाकडे निघाले, तर दोघीतिघी धावल्या. "काका, तुम्ही बसा. आम्ही आणतो." त्यांना खुर्चीत बसवून ताट हातात दिलं. वरण भातावर सगळीकडे पसरलं होतं. त्यांनी ते खाल्लं.

मी त्यांना गाडीने घरी सोडायला गेले. वायपरचा आवाज तेवढा येत होता. मला संताप आला होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. काकाच बोलले. "रोहन चांगला आहे. निवडून येण्यासारखा आहे. हात वर केला, पण केल्यावर लाजला. त्या लाजण्यावर त्याला मतं मिळाली."

मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही केला हात वर? तुम्हाला तर सगळं कळतं."

त्यांच्या दारापाशी गाडी थांबल्यावर पट्टा सोडवता सोडवता म्हणाले, "मी दुसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबलो होतो गं. पोरीचं चुकलं नाही. तिला जे शिकवलं ते तिने केलं. आपणच शिकवलं ना, इथल्या शाळेत घातलं." मग दार उघडून, पाऊस अंगावर घेत, "तिकडच्या पॅनेलने दर वेळी एकदाच विचारलं, इकडच्यांनीही एकदाच विचारलं. आता दोन्ही सारखेच." किल्ली भोकात घालायला त्यांना वेळ लागला. मी मदतीला उतरले तर मान हलवून नको म्हणाले. ह्या वेळी मात्र मी ऐकलं नाही.

जानेवारीत त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. म्हाताऱ्यांचा वॉर्ड. मी कामावरून सुटले की जायचे. पहिल्या दिवशी पाहिलं तर ओठ सुकलेले, आणि बाजूच्या टेबलावर काहीच नाही. नर्स म्हणाली, चहा विचारला, नको म्हणाले. सूप विचारलं, नको म्हणाले. जादा ब्लँकेट विचारलं, नको म्हणाले. "ही इज नो ट्रबल अॅट ऑल, ब्लेस हिम." त्यांच्या उशाला भिंतीवर एक पांढरा फळा होता. पेशंटला काय हाक मारायची आणि त्याला काय महत्त्वाचं वाटतं ते त्यावर लिहायची इथे पद्धत आहे. वरच्या ओळीत लिहिलं होतं, अनंत. त्यांना ह्या देशात कुमुदकाकूंनीही कधी अनंत म्हटलं नसेल. महत्त्वाचं काय, ती जागा कोरी होती. विचारल्यावर काकांनी काही नाही म्हणून सांगितलं असणार.

मी फळ्याचं पेन घेतलं आणि अनंत पुसून डॉक्टर पळसुले लिहिलं. खाली इंग्रजीत लिहिलं, कृपया प्रत्येक गोष्ट दोनदा विचारा, पहिलं 'नको' खरं धरू नका. नर्सने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "इट्स अ कल्चरल थिंग." एका आयुष्याचं स्पष्टीकरण एवढ्यात उरकलं.

दुसऱ्या दिवशी मी असतानाच चहाची ट्रॉली आली. ट्रॉली ढकलणारी पोक्त आयरिश बाई होती. तिने विचारलं, "टी, डॉक्टर?" काका म्हणाले, "नो, नो, थँक यू." ट्रॉली दोन पावलं पुढे गेली. मग त्या बाईने मागे वळून फळा वाचला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "आर यू शुअर, लव्ह? आय'व्ह मेड अ फ्रेश पॉट." काकांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. कोटाचं बटण लावायला जावा तसा त्यांचा हात गाऊनच्या गळ्याशी गेला. "वेल," ते म्हणाले, "इफ यू इन्सिस्ट." अर्धा कप प्यायले. तिने साखर घालून ढवळून दिला होता आणि पिईपर्यंत तिथेच थांबली होती. ती गेल्यावर मला हळूच म्हणाले, "ही उभी राहिली तर येईल."

फेब्रुवारीत ते गेले. मी पोचेपर्यंत बेडवर नवी चादर घातली होती आणि फळा पुसून स्वच्छ केला होता.

क्रेमॅटोरियमच्या छोट्या हॉलमध्ये मंडळाची बरीच माणसं आली होती. मुलगा ऑस्ट्रेलियाहून आला होता, थकलेला, कुणाला ओळखत नसलेला. कारखानीस एजवेअरहून ट्रेनने आले, काठी टेकत, आणि माझ्या शेजारी बसले. ईशा बोलायला उभी राहिली. ती आधीपासून रडत होती. कागद न घेता बोलली, तिला येतं तसं मराठीत, काकांसाठी म्हणून. "काका सगळ्यांना पुढे केला, स्वतः कधी पुढे नाही आले. त्यांना खुर्चीचा, पोझिशनचा काहीच नको होता. लास्ट इयर आपण सगळ्यांनी त्यांना प्रेसिडेंट व्हायला विचारलं होतं. सगळ्यांना ते पाहिजे होते. पण काका नो म्हणाले." लोक माना हलवत होते, रुमाल काढत होते. मुलानेही मान हलवली. आपले वडील असेच होते असं त्याला बहुतेक वाटलं.

कारखानीस माझ्याकडे वाकले. इतकी वर्षं लोटली तरी त्यांचा आवाज तसाच, पुरता तोंडाबाहेर न येणारा.

"किती वेळा विचारलं होतं?"

"एकदा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला आणि तो हातात धरून ठेवला. समोर काकांच्या पेटीपुढचा पडदा सरकायला लागला होता.